व्हिट्संडे बेटांभोवती शिडाच्या नौकेवर दोन रात्री

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने पाठपिशवी घेऊन हिंडणारे बहुतेक तरुण क्वीन्सलँडमधल्या एअर्ली बीच या लहानशा गावात दोन-चार दिवस मुक्काम करतातच, आणि त्यांना तिथे खेचून आणतात ती गावासमोरच्या समुद्रात विखुरलेली ७४ व्हिट्संडे बेटे. यांतली बहुतेक बेटे निर्मनुष्य आहेत आणि राष्ट्रीय उद्यानात मोडतात. वेगवान बोटीने एका दिवसात जाऊन येण्याची सोय आहे, तरीही मी ऑगस्टमध्ये शिडाच्या नौकेवरची ‘तीन दिवस, दोन रात्री’ अशी गटसहल निवडली. तोपर्यंत मी शिडाच्या नौकेवर पाऊल ठेवले नव्हते आणि सहप्रवाशांपैकी एकालाही ओळखत नव्हते. सुमारे ७०० ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून जे पदरात पडले, त्याबद्दल माझी मुख्य तक्रार नाही. तक्रार आहे ती पैसे घेताना काय सांगितले आणि काय सांगायचे टाळले याबद्दल.

‘तीन दिवस’ या शब्दांपासूनच सुरुवात करते. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही गोदी सोडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत आम्हाला परत आणून सोडले, म्हणजे प्रत्यक्ष सहल ४५ तासांची झाली. वसतिगृहात इतर नौकांवरून आलेल्या मंडळींशी बोलल्यावर कळले की दिवस मोजण्याची ही रीत तिथे अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. शिवाय ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचे पर्यावरण शुल्क प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे घेतले गेले. हे शुल्क सरकारी आहे, रास्त आहे, आणि ते द्यायला माझी काहीच हरकत नव्हती. मात्र जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याच्या शेजारी त्याचा उल्लेख असता तर गोदीवर पुन्हा पाकीट उघडताना जे वाटले ते वाटले नसते.

आमची नौका मुळात शर्यतीसाठी बांधलेली आणि आता निवृत्त झालेली होती. अशा नौकेची बांधणी वेगासाठी असते, झोपण्याबसण्यासाठी नव्हे, हे आत उतरल्या क्षणी समजते. वीसएक प्रवाशांसाठी एकच लांबट पोकळी, तिच्या दोन्ही अंगांना एकावर एक रचलेले बंक, मध्ये दार नाही, पडदा नाही. स्त्रिया आणि पुरुष सगळे एकाच ठिकाणी. याची कल्पना मला होती. कल्पना नव्हती ती याची, की काही बंक दुहेरी असतात आणि एकट्या प्रवाशांची त्यात जोडी लावली जाते. माझ्या वाट्याला एका अनोळखी डच मुलीसोबतचा दुहेरी बंक आला. आम्ही दोघींनी मधोमध टॉवेलांची वळकटी ठेवून दोन रात्री निभावल्या, कारण दोघींचाही स्वभाव समजुतीचा होता. पण ही बाब नशिबावर सोडण्याजोगी नाही. एकट्याने फिरणाऱ्या स्त्रीला ती पैसे भरण्यापूर्वी कळायलाच हवी. नौकेवरच्या कर्मचाऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी ओशाळून सांगितले की बंकांचे वाटप किनाऱ्यावरच्या कार्यालयात होते आणि नौका भरलेली असल्यामुळे त्यांना काही बदलता येत नाही.

नौकेवरचे नियम मात्र पहिल्या दहा मिनिटांत स्वच्छ शब्दांत सांगितले गेले, आणि ते सगळे सकारण होते. चपला-बूट गोदीवरच एका मोठ्या पोत्यात जमा केले, ते थेट तिसऱ्या दिवशी परत मिळाले. सामान फक्त मऊ पिशवीत, कारण चाकांच्या कडक बॅगेला ठेवायला जागाच नसते. काचेच्या बाटल्या बंद. गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच, त्यामुळे अंघोळ म्हणजे समुद्रात डुंबून वर आल्यावर अर्ध्या मिनिटाची धार. शौचालयाचा हातपंप कसा मारायचा याचे प्रात्यक्षिक कप्तानाने गंभीर चेहऱ्याने करून दाखवले आणि सांगितले की जे आधी तुमच्या पोटात गेलेले नाही, ते या भांड्यात जाणार नाही, कागददेखील नाही. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप तुंबला तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

आता ज्यासाठी पैसे मोजावेत त्या गोष्टीकडे येते. हिवाळ्याच्या महिन्यांत या भागात आग्नेयेकडून व्यापारी वारे सातत्याने वाहतात. गोदीबाहेर पडून मुख्य शीड वर चढले आणि कप्तानाने इंजिन बंद केले, तेव्हा आधी शांतता झाली आणि मग लगेच नौका एका कुशीवर कलली. पहिल्यांदा कलणाऱ्या नौकेवर बसलेल्या माणसाला ती उलटणार याबद्दल शंका उरत नाही. तळाशी असलेल्या जड शिशामुळे ती जितकी कलते तितकी परत उभी राहण्याची ओढही वाढते, हे कप्तान समजावून सांगत होता; माझ्या बोटांनी मात्र कठडा सोडला नाही. आम्हा सगळ्यांना वाऱ्याकडच्या, उंच उचलल्या गेलेल्या कडेवर ओळीने बसवले होते, पाय बाहेर समुद्रावर सोडलेले, तारेचा कठडा छातीशी. दिशा बदलायची वेळ झाली की कप्तान ओरडून सूचना द्यायचा, आणि वीस माणसे डोके खाली घालून, एकमेकांच्या पायांत पाय अडकवत नौकेच्या दुसऱ्या कडेला धावायची.

दोर ओढण्याचे काम ज्याला हवे त्याला मिळत होते, कोणावर सक्ती नव्हती. दोर ताणण्याच्या फिरत्या रुळावर, म्हणजे विंचवर, मी हात आजमावला. दोराचे तीन वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यायचे, अंगठा आत न वळवता तळहात बाहेरून ठेवायचा, आणि दोराला ताण बसला की दुसऱ्याने दांडा फिरवायचा. पहिल्या वेळी मी वेढे उलटे घेतले. विंच फिरली, दोर जागचा हलला नाही, आणि वर शीड फडफडत राहिले. दोरीपाशी उभी असलेली खलाशी मुलगी एक शब्दही न बोलता आली, वेढे सोडले, माझा हात धरून ते पुन्हा घातले आणि परत आपल्या जागी गेली. पुढच्या खेपेला ते बरोबर पडले. अशा शिकवण्यासाठी मी पूर्ण गुण देईन.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी एक सूचना: गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळू लागल्यावर ती घेणारे दोघे सायंकाळपर्यंत मागच्या कठड्याला बिलगून होते, आणि त्यांतला एक आडवे व्हायला म्हणून खाली गेला, ती तर सर्वांत मोठी चूक ठरली.

पहिल्या रात्री हुक बेटातल्या नारा इनलेट या लांब, चिंचोळ्या खाडीत नांगर टाकला. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे तिथे वारा पडतो आणि पाणी विहिरीसारखे स्तब्ध असते. या खाडीच्या वर एका गुहेत न्गारो लोकांची शैलचित्रे आहेत. ही बेटे त्यांची. झाडाची साल शिवून केलेल्या होड्यांतून ते बेटाबेटांत फिरत, आणि या परिसरातला त्यांचा वावर सुमारे ९,००० वर्षे मागे जातो असे इथल्या उत्खननातून दिसले आहे. जेम्स कुक १७७० मध्ये इथून गेला आणि त्याने दिलेले नाव चिकटले. आमच्या सहलीत गुहेची चढण नव्हती, उजेड मावळत आला होता. कप्तानाने डेकवर दहा मिनिटे माहिती सांगितली एवढेच. इतक्या जवळ येऊन ती चित्रे न पाहता परतावे लागले, हे मला खटकले. तासभर आधी निघालो असतो तर ते सहज जमले असते. रात्री मी बंक सोडून डेकवर झोपले. वृश्चिक रास जवळजवळ डोक्यावर, नैऋत्येला त्रिशंकू, आणि दव इतके की पहाटे झोपपिशवी पिळावी लागली.

दुसरा दिवस हिल इनलेटचा. व्हिट्संडे बेटावरचा व्हाइटहेवन किनारा सुमारे सात किलोमीटर लांब आहे आणि त्याची वाळू जवळजवळ शुद्ध सिलिका आहे, त्यामुळे ती भर दुपारीही पायांना चटके देत नाही आणि चालताना टाचेखाली करकरते. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला हिल इनलेट या खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीचे पाणी ही वाळू हलवत राहते आणि पांढऱ्या-निळ्या वळणांची ती नक्षी तयार होते, जी प्रत्येक जाहिरातीत छापलेली असते. जाहिरातीत हे छापलेले नसते की ती नक्षी ओहोटीवर अवलंबून आहे. पाणी चढलेले असेल तर वरच्या सज्ज्यावरून नुसता एक सुंदर निळा तलाव दिसतो. या भागात भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरहून अधिक असू शकतो. कप्तानाने आदल्या रात्रीच तक्ता पाहून नाश्ता पहाटे साडेसहाला ठेवला, काही जण कुरकुरले, आणि टंग बे या उपसागरात रबरी होडीतून उतरून झाडीतल्या वाटेने आम्ही वर पोहोचलो तेव्हा पाणी नुकते उतरू लागले होते. तासाभरात डोळ्यांदेखत एक निळी पट्टी बारीक होत गेली आणि तिच्या जागी वाळूचा पांढरा बाक वर आला. त्यानंतर खाली उथळ पाण्यात उतरलो तेव्हा एक पाकट घोट्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला. वाळू बाटलीत भरून नेण्यास बंदी आहे, आणि परतताना खलाशांनी प्रत्येकाला पाय धुवायला लावले.

दुपारच्या पोहण्याबद्दल इतके कौतुक करता येणार नाही. हुक बेटाच्या उत्तरेकडच्या उपसागरांत वाऱ्याचा त्रास नसतो म्हणून नौका तिथे नेतात, परंतु मार्च २०१७ मधल्या डेबी चक्रीवादळाने या बेटांलगतच्या प्रवाळांची मोठी हानी केली. नवी वाढ दिसते, शेजारीच मोडक्या प्रवाळांचे ढीगही दिसतात. मासे भरपूर होते, त्यांत माणसाच्या छातीएवढ्या रुंदीचा, कपाळावर उंचवटा असलेला एक माओरी रॅस इतका निर्धास्त होता की आम्हीच बाजूला झालो. पण ज्यांच्या मनात रंगीत प्रवाळांचेच चित्र असेल त्यांनी बाहेरच्या मुख्य प्रवाळरांगेची वेगळी सहल घ्यावी, आणि हे विक्रीच्या टेबलावर सांगितले जायला हवे. विषारी जेलीफिशचा मुख्य हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असतो. आम्ही त्याबाहेर असूनही सर्वांना अंगभर पोशाख दिले गेले, ते पाण्याच्या गारव्यासाठीही उपयोगी पडले.

जेवण साधे आणि पोटभर. मी शाकाहारी असल्याचे आधी कळवले होते, त्याची आठवण ठेवली गेली, पण दुसऱ्या रात्री माझा वाटा इतरांनी आधीच चाखून संपवत आणला होता. आपले ताट प्रथम वाढून घ्यावे. तिसऱ्या दिवशी परतताना दूरवर कुबड्या देवमाशाचे फवारे दिसले. या भागात देवमाशापासून ३०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे, आणि काही प्रवाशांनी आग्रह करूनही कप्तानाने नौका वळवली नाही.

मी ही सहल पुन्हा घेईन, त्याच नौकेवरसुद्धा. मात्र पैसे भरण्याआधी परतण्याची वेळ, हिल इनलेटला पोहोचताना ओहोटी असेल का, आणि माझा बंक एकेरी की दुहेरी, ही तिन्ही उत्तरे लेखी मागून घेईन. परतल्यावर मी दुहेरी बंकाबद्दल कार्यालयात लिहिले. चार दिवसांनी आलेल्या उत्तरात दिलगिरी होती आणि पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलत. एकट्या प्रवाशांना आधी सांगू असे वाक्य त्यात नव्हते.