कातरवेळ की सोड्याचा फेस?

दहावीच्या परीक्षेतून मोकळी झालेली भाची विचारत होती, "मामा, एकच बघायचा असेल तर कुठला?" तिच्या यादीत दोन नावं होती. माकोतो शिंकाई यांचा 'युअर नेम' (२०१६) आणि क्योहेई इशिगुरो यांचा 'वर्ड्‌स बबल अप लाइक सोडा पॉप' (२०२१). दोन्ही जपानी अ‍ॅनिमेशनपट, दोन्ही रंगांनी ओसंडणारे, दोन्हींत शाळकरी वयातलं पहिलं प्रेम. पहिल्याचा बोलबाला एवढा की दुसऱ्याकडे सहसा कुणी वळत नाही. मी दोन्ही दोन-तीनदा पाहिलेत. तुम्हीही याच पेचात असाल तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

'युअर नेम'चं मोठेपण आधीच मान्य करतो. पावसानंतर लख्ख झालेलं टोकियो, इतोमोरी या कल्पित गावाचं तळं, आकाशात दुभंगणारा धूमकेतू हे सगळं डोळ्यांत मावत नाही. त्या गावात संधिप्रकाशाच्या वेळेला 'कातावारे-दोकी' म्हणतात. तो शब्द कानावर पडला आणि माझ्या अंगावर काटा आला. आपली 'कातरवेळ' तिथे उभी होती! दोन शब्दांचं काही नातं आहे असं मी म्हणणार नाही, पण हुरहूर तीच. डोंगरमाथ्यावर, त्याच वेळेला घडणारा प्रसंग मी अजून कितीही वेळा बघेन.

मग अडलं कुठे? एका गाण्यापाशी.

टोकियोतला मुलगा ताकी आणि इतोमोरीतली मुलगी मित्सुहा झोपेत एकमेकांच्या शरीरात जातात. आपल्या पैशांनी ती टोकियोच्या कॅफेंमध्ये चैन करते म्हणून तो वैतागतो, आपल्या शरीरात तो भलतं वागतो म्हणून ती संतापते. इथे रॅडविंप्स या जपानी बँडचं दणदणीत गाणं सुरू होतं आणि अदलाबदलीचे कितीतरी दिवस त्यावर भराभर निघून जातात. मोबाइलवरच्या नोंदी, नियम, तक्रारी सगळं त्यातच. गाणं संपतं, आणि थोड्याच वेळात मित्सुहा आरशासमोर उभी असते, डोळ्यांत पाणी. म्हणजे जीव जडला तो याच दरम्यान, आणि नेमकं तेच मला दिसलं नाही. पहिल्यांदा वाटलं, माझंच लक्ष नसेल. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत पाहिला. तो क्षण सापडलाच नाही. त्यानंतरची सगळी धावपळ, सगळं रडणं त्या प्रेमावर उभं आहे, म्हणून ती पोकळी मला फार सलते. हिंदी सिनेमावर वाढलेल्या आपल्याला गाण्यात प्रेम होण्याची सवय आहे, हे खरं. भाचीला यात काही खटकलं नाही, तुम्हालाही कदाचित खटकणार नाही. काळाच्या हिशेबातल्या गाठी मी सोडून देतो. मात्र आजी-आजोबांसोबत बघणार असाल तर मुलीच्या शरीरात जागा होणाऱ्या मुलाचा एक विनोद पुन्हा पुन्हा येतो, एवढं लक्षात असू द्या.

'सोडा पॉप'ची सुरुवात उलट अंगावर येते. ढग कागदातून कापल्यासारखे, सावल्या कडक कडांच्या, निळा, गुलाबी, हिरवा सगळे गडद. १९८०च्या दशकातल्या जपानी 'सिटी पॉप' रेकॉर्डांची कव्हरं आठवावीत असं. त्यात मॉलमधली पळापळ. माझी बहीण पहिल्या दहा मिनिटांत "फार भडक आहे रे" म्हणाली आणि मला ते खोडता आलं नाही. मित्रमंडळी तोंडओळखीपुरतीच आहेत. जुनी रेकॉर्ड शोधण्याचा धागाही पुढे कुठे जाणार याचा अंदाज येतो.

पण चेरी आणि स्माइल! चेरी हायकू लिहितो, मोठ्याने म्हणायला मात्र घाबरतो. कानांवरचे हेडफोन गाण्यांसाठी नाहीत, कुणी आपल्याशी बोलू नये म्हणून आहेत. स्माइल पुढे आलेले दात आणि त्यांवरच्या तारा मास्कमागे लपवते. टक्कर होऊन दोघांचे मोबाइल बदलतात आणि तिथून ओळख पावलापावलाने वाढताना दिसते. तो मोबाइलवरून हायकू टाकतो, ती वाचते. दोघं बरोबर चालतात, बोलायचं राहून जातं. लवकरच त्याला गाव सोडायचंय, ते तोंडातून निघत नाही. त्या वयात प्रेम असंच, न बोलता आल्यामुळे वाढत जातं, निदान माझं तरी तसंच झालं होतं. शिरीष पैंमुळे हायकू मराठीत रुळलेला आहे, त्यामुळे तीन ओळींत मन मांडू पाहणारा मुलगा आपल्याला परका वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी, कारण सबटायटलमध्ये ती निसटते. चेरीच्या शेवटच्या हायकूत येणारा 'यामाझाकुरा' म्हणजे डोंगरी चेरी. तिला फुलांआधी किंवा फुलांबरोबरच पानं येतात. जपानीत 'हा' म्हणजे पान आणि दातही, 'हाना' म्हणजे फूल आणि नाकही. म्हणून नाकाच्याही पुढे दात आलेल्या माणसाला थट्टेने यामाझाकुरा म्हणत. भाचीला हे आधीच सांगितलं होतं. शेवटी जत्रेच्या गर्दीत चेरीने आपला हायकू ओरडून म्हटला, तेव्हा ती पटकन माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तिच्या दातांबद्दल बोलतोय तो!"

'युअर नेम' आम्ही पुढच्या रविवारी पाहिला.