तासावर कॉन्फोकल: कृमीतलं लॅमिन दिसतं का?

कोल्हापुरातली ही तासावर मिळणारी कॉन्फोकल (लेसरने नमुन्याचे पातळ छेद दाखवणारा सूक्ष्मदर्शक) सेवा सी. एलेगन्स या बारीक गोलकृमीतलं लॅमिन, म्हणजे पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देणारं प्रथिन, पाहायला पुरेशी आहे. या कृमीत लॅमिनचं जनुक एकच, एलएमएन-१. प्रथिन मुख्यतः केंद्रकाच्या आतल्या पटलाला लागून असतं, म्हणून मधल्या छेदात डीएपीआयच्या (डीएनए रंगवणाऱ्या द्रव्याच्या) निळ्या ठिपक्याभोवती बारीक कडं दिसायला हवं. ६३एक्स तेलाच्या लेन्सवर ते स्वच्छ येतं. कड्याऐवजी भरीव चकती दिसली तर फोकस बहुधा वरच्या पृष्ठभागावर अडकलाय. यंत्राला बोल लावू नका. खरी गोची स्लाइडची. कृमी काचेला चिकटवणारं पॉलिलायसिन कमी पडलं की स्लाइड गोठवून कव्हरस्लिप (वरची पातळ काच) उडवताना कृमीही उडतात, मग नमुना टिकवायला उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये बुडवायचं काय? लॅमिनसाठी हिरवा चमकणारा रंग टाळा, लाल घ्या: कृमीच्या आतड्यातले कण हिरव्यात आपसूक चमकतात. गोठवायला लागणारा कोरडा बर्फ मात्र स्वतःच न्यावा लागतो, हे आधी सांगत नाहीत.