मिनेसोटा १९९८ की मेन २०१०?

राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी भाचीला अमेरिकेतली गव्हर्नरपदाची एक तिरंगी लढत हवी आहे, आणि गाडी या दोन राज्यांच्या निवडणुकांवर अडली आहे. ‘जनतेचा उठाव’ वगैरे प्रचारकी भाषा बाजूला ठेवू.

निकाल आधी. मिनेसोटात रिफॉर्म पक्षाचे जेसी व्हेंचुरा, माजी कुस्तीगीर, ३७ टक्के मतांवर चक्क जिंकले. रिपब्लिकन नॉर्म कोलमन ३४ आणि डेमोक्रॅट स्किप हंफ्री २८ टक्क्यांवर राहिले. मेनमध्ये अपक्ष एलियट कटलर ३६ वर अडकले. रिपब्लिकन पॉल लपाज जेमतेम ३८ टक्क्यांवर गव्हर्नर झाले, डेमोक्रॅट लिबी मिचेल १९ वर घसरल्या.

कारणं शोधायला मिनेसोटा सरस. तिथे मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नाव नोंदवता येतं, प्रचाराला सरकारी पैसा मिळतो, आणि जाहीर वादचर्चांत व्हेंचुरा दोघांच्या शेजारी उभे होते. मेनमध्ये कटलरांची लाट उशिरा आली. तोवर बऱ्याच जणांनी आगाऊ मतदान उरकलं होतं.

परिणामांत मात्र मेन कितीतरी पुढे. व्हेंचुरा २००२ ला उभेच राहिले नाहीत. मेनच्या मतदारांनी २०१६ ला पसंतिक्रमाची (उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देण्याची) पद्धत मंजूर केली, साधारण आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखी. गंमत म्हणजे राज्यघटनेच्या अडचणीमुळे गव्हर्नरच्या मुख्य निवडणुकीलाच ती लागू नाही!

तिसरा उमेदवार जिंकतो कसा, हे मांडायचं तर मिनेसोटा घ्यावं. मतविभागणी आणि निवडणूक सुधारणा हा विषय असेल तर मेन. भाचीचा कल बघता मी मेनच सुचवेन.