व्हिटॅमिनने दारू सोडवून देतो म्हणाले, २९,६८९ रुपये घेतले आणि भाऊ जाता जाता वाचला

आधी आकडे लिहिते, नंतर लिहायला हात धजणार नाही. १,४९९, मग १८,६००, मग ७,२५०, मग २,३४०. एकूण २९,६८९ रुपये. हॉस्पिटलचे ३८,४२० वेगळे. आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

असल्या लोकांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. मोबाइलवर जाहिरात, मोफत सल्ला, नंबर टाकला की दहा मिनिटांत फोन, आज रात्री बारापर्यंत सूट. मलाही माहीत होती. मी शिकलेली आहे, पंधरा वर्षं नोकरी करते, ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासते. तरी फसले, कारण या माणसाने मला जे सांगितलं त्यातलं अर्धं खरं होतं.

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. अकरा वर्षं पितोय, गेली तीन वर्षं सकाळपासून. व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. "मला वेड्यात काढायला निघालीस का, ताई?" एकदा कसाबसा डॉक्टरांकडे नेला होता. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की दारू एकदम तोडू नका, सोडायची ठरेल तेव्हा आधी माझ्याकडे या. तो परत गेला नाही. मग ही जाहिरात दिसली. मी त्याला म्हटलं, औषध नाही रे, नुसती व्हिटॅमिनं आहेत, अंगात ताकद येईल. तो म्हणाला, "व्हिटॅमिन असेल तर घेईन." तीन वर्षांत तो पहिल्यांदा कशाला तरी हो म्हणाला होता. ज्यांच्या घरात पिणारं माणूस आहे त्यांना कळेल त्या एका होकारासाठी माणूस काय काय करतं. ज्यांच्या घरात नाही, त्यांनी कृपा करून मला अक्कल शिकवू नये.

फोनवरचा माणूस स्वतःला 'रिकव्हरी न्यूट्रिशन काउन्सिलर' म्हणवत होता. अतिशय गोड बोलायचा, दर वाक्याला ताई. म्हणाला, दारूने शरीरातलं बी-१ संपतं, फोलेट संपतं, मॅग्नेशियम संपतं, मेंदू उपाशी राहतो, आणि उपाशी मेंदूच दारू मागतो. भूक भागवली की तलफ आपोआप जाते. एक पीडीएफ पाठवली. त्यात होतं की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना सुरू करणाऱ्या बिल विल्सन यांनीच व्हिटॅमिन बी-३ चा पुरस्कार केला होता. मी शोधून पाहिलं, तर खरंच १९६० च्या दशकात त्यांनी तो केला होता. माझा विश्वास तिथे बसला. पुढची ओळ मी तेव्हा शोधली नाही. त्यांच्याच संघटनेने ते उपचार म्हणून कधी स्वीकारलं नाही. १९३५ पासून आजपर्यंत तिथे लोक एकमेकांसमोर बसून बोलतात, गोळ्या वाटत नाहीत. आणि तिथे फी नसते.

१,४९९ रुपये 'असेसमेंट'चे. या असेसमेंटमध्ये त्याने वजन विचारलं, उंची विचारली, पोट साफ होतं का विचारलं. रोज किती पितो, हे विचारलं नाही. किती वर्षं पितो, सकाळी न घेतल्यास हात थरथरतात का, कधी फीट आली होती का, आधीच्या गोळ्या कोणत्या, यातलं एक अक्षर नाही. दारू सोडवायला निघालेला माणूस दारूबद्दलच विचारत नाही, हे मला त्या दिवशी खटकायला हवं होतं. खटकलं नाही. उलट बरं वाटलं की हा अपमान होईल असं काही विचारत नाहीये.

मग ९० दिवसांचं किट, १८,६०० रुपये. रोज दोन पुड्या पाण्यात आणि तीन कॅप्सूल. खोका आला तेव्हा पाठीमागचं बारीक छापलेलं मी चष्मा लावून वाचलं. इंग्रजीत छापलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही. मी वाचलं! वाचून त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सरकारी नियमाने छापावं लागतं. खाली परवाना नंबर आहे ना? सरकारमान्य आहे." परवाना होता, चौदा आकडी. आता मला माहीत आहे की तो नंबर म्हणजे ही कंपनी खाण्याचा पदार्थ बनवू शकते एवढंच. बिस्किटाच्या पुड्यावरही तसाच नंबर असतो. त्याने दारू सुटते असं सरकारने कुठेही म्हटलेलं नाही, आणि खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या वस्तूने आजार बरा होतो असा दावा करायला कायद्याने परवानगीच नाही. 'औषधी वापरासाठी नाही' हे वाक्य दिसलं की तिथेच थांबा. पुढचं काहीही ऐकू नका.

डॉक्टरांच्या गोळ्या त्याने बंद करायला सांगितल्या. "केमिकलने आपल्या पुड्यांचा गुण येत नाही." सात दिवस पुड्या आणि दारू दोन्ही चालू, आठव्या दिवशी दारू पूर्ण बंद. भावाने ऐकलं. बिचाऱ्याने खरंच ऐकलं. सातव्या दिवशी रात्री उरलेली बाटली त्याने माझ्यासमोर मोरीत ओतली.

आठवा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. संध्याकाळी त्याला चहा दिला. त्याने कप उचलला आणि कप बशीवर वाजायला लागला, टकटक टकटक, थांबेचना. अर्धा चहा बशीत, उरलेला लेंग्यावर. कपाळावर घाम, कानशिलाची शीर उडत होती. बाहेर कुणी हाक मारतंय का, असं त्याने दोनदा विचारलं. बाहेर कुणी नव्हतं. मला भीती वाटली. आणि मी काय केलं? डॉक्टरांना नाही, त्या काउन्सिलरला फोन केला. तो हसून म्हणाला, "ताई, अभिनंदन! विष बाहेर पडतंय. हे डिटॉक्सचं चांगलं लक्षण आहे. फक्त वेग वाढवायला बूस्टर लागेल." ७,२५० रुपये. माझा भाऊ समोर थरथरत बसलाय आणि मी मोबाइलवर पिन दाबतेय. पैसे गेल्याचा आवाज झाला तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. इतर सगळ्या गोष्टींसाठी मी माझी बाजू मांडू शकते. या एका गोष्टीसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदोनला त्याला फीट आली. दात आवळलेले, ओठ निळे. मी तोंडात चमचा घालायला धावले, शेजारच्या काकांनी माझा हात धरला. हे लक्षात ठेवा: तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं सामान बाजूला करायचं आणि १०८ ला फोन करायचा. चार दिवस तो दाखल होता. त्यातले दोन दिवस त्याला मी कोण हे कळत नव्हतं.

तिथे सलाईनमधून त्याला काय दिलं माहीत आहे? बी-१. तेच बी-१! मी डॉक्टरीणबाईंना जवळजवळ ओरडूनच विचारलं, मग तो माणूस खोटं काय बोलत होता? त्यांनी खुर्ची ओढून मला समजावलं, आणि त्या पाच मिनिटांत जे कळलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ खरंच कमी पडतं, कारण खाणं कमी होतं आणि आतडं ते नीट शोषत नाही. ते फार कमी झालं तर मेंदूला कायमची इजा होते, स्मरण जातं, चालताना तोल जातो. म्हणून ते शिरेतून, मोठ्या मात्रेत, ग्लुकोज चढवण्याआधी देतात. पण ते मेंदू वाचवायला. तलफ घालवायला नाही, आणि फीट थांबवायलाही नाही. दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकळा सुटतो. हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, त्यात माणूस दगावतोही. त्याला वेगळं औषध लागतं, रोज मात्रा कमी करत डॉक्टरांनीच द्यायचं. म्हणजे कप वाजत होता तेव्हा कुठलंही विष बाहेर पडत नव्हतं. तो धोक्याचा इशारा होता आणि मी त्याचे पैसे भरले.

घरी येऊन मी कॅप्सूलच्या डबीवरचं लेबल पुन्हा वाचलं. बी-१: १.४ मिलिग्रॅम. हॉस्पिटलच्या कागदावर एका वेळचा डोस शेकड्यांत होता. डिस्चार्जनंतर डॉक्टरांनी लिहून दिलेली बी-१ ची पट्टी औषधाच्या दुकानात ६२ रुपयांना मिळाली.

मी पैसे परत मागितले. तर 'रिफंड विभागा'तून फोन आला, २,३४० रुपये प्रोसेसिंगचे भरा, पूर्ण रक्कम ४८ तासांत जमा होईल. भरले. होय, भरले. चार रात्री झोप नव्हती आणि हॉस्पिटलचं बिल समोर होतं. परत मिळवायला पैसे भरायला सांगणारा प्रत्येक माणूस चोर असतो. त्याच मिनिटाला १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. मी सहा दिवसांनी जागी झाले.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "वस्तू मागवली, वस्तू आली, पैसे तुम्ही स्वतः दिले. मग फसवणूक कुठली? हे दिवाणी प्रकरण." फीट आल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "दारुड्याला फीट येणारच." अर्ज घ्यायला तयार नव्हते, पोच द्यायला तर मुळीच नाही. बँकेत गेले. पिन तुम्हीच टाकला, विषय संपला. मग एका सरकारी कार्यालयात गेले. अर्धा दिवस बाकावर बसवून सांगितलं की हे औषध नाही, आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या खात्यात जा. पलीकडचे म्हणाले, यात आजार बरा करण्याचा दावा आहे, म्हणजे औषधांकडे जा. मी पुन्हा अलीकडे. तेव्हा म्हणे कंपनीचा पत्ता दुसऱ्या राज्यातला, तिकडे लिहा. तिकडे लिहिलं. एका महिन्याने उत्तर आलं की विहित नमुन्यात अर्ज नाही. नमुना मागितला, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पाच रजा गेल्या, झेरॉक्सचेच ४१० रुपये झाले. एका बाईंनी तर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "दारू पिणारा कोण, नवरा का?" बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. माणूस मेला असता तर फाइल हलली असती का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी जेवणाची सुट्टी झाल्याचं सांगितलं. एवढ्या खात्यांना पगार मिळतो, आणि ती जाहिरात आजही चालू आहे, नाव तेवढं बदललंय. दिशाभूल करणाऱ्या खाद्यपदार्थाच्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड कायद्यात आहे. तो लावणार कोण?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. खोका, पावती, चॅट, कॉलची यादी, काहीही टाकून देऊ नका. मी रागाने बूस्टरचा डबा फेकला, आज तो पुरावा माझ्याकडे नाही.

आणि जे पिणाऱ्याला न सांगता भाजीत पावडर कालवायला सांगतात, त्यांच्यापासून तर लांबच राहा. त्यात काय आहे कुणाला माहीत नसतं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते पोटात असताना दारू गेली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, तीही डॉक्टरांनी यकृत तपासून दिलेली. विचारायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर मोफत आहे, १४४१६ वर मानसिक आरोग्यासाठी बोलता येतं. मला तेव्हा हे दोन्ही माहीत नव्हते.

खाण्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. भाऊ आता उपचार घेतोय, आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातो, आणि पोट रिकामं असलं की तलफ जोर करते हे त्याला तिथल्याच लोकांनी सांगितलं. म्हणून दर तीन तासांनी त्याच्यासमोर काहीतरी ठेवते. त्याचं वजन पाच किलोने वाढलंय. मधे एकदा घसरला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे गेला. ते जेवण त्याला उभं राहायला मदत करतंय. दारू सोडण्याचं काम तो स्वतः आणि डॉक्टर करतायत.

१६२ पुड्या खोक्यात तशाच आहेत, कपाटात वरच्या फळीवर. आयोगातली तारीख पुढच्या महिन्यात १७ ला आहे. सहावी रजा टाकली आहे. भाऊ म्हणतो, मीही येतो, काय झालं ते मी सांगतो.