नॅचरल कॉफी, काही महिने पिऊन झाल्यावर

पिशवी उघडली की आधी कॉफीचा वास येतच नाही. जास्त पिकलेली स्ट्रॉबेरी, मनुका आणि त्यामागून थोडी वाइन, असा तो वास असतो. गडद भाजलेल्या कॉफीची सवय असलेला माणूस हमखास विचारतो, यात वरून काही घातलंय का? काहीही घातलेलं नाही. एकाच कुटुंबाच्या छोट्या बागेतली ही कॉफी फळासकट उन्हात वाळवलेली आहे, एवढंच. गेले काही महिने मी तिच्या पिशव्या मागवतो आहे. पहिल्या कपाच्या भरात लिहिलं असतं तर नुसती स्तुती झाली असती, म्हणून थांबलो होतो.

पद्धत सांगायला सोपी आणि करायला कठीण. वॉश्ड कॉफीत फळाची साल आणि गर यंत्राने काढतात, बीवर उरलेला चिकट थर आंबवून धुतात आणि मग बी वाळवतात. नॅचरलमध्ये अख्खं फळच वाळवायचं. येमेन आणि इथिओपियात ही पूर्वापार रीत आहे, आणि ब्राझीलमध्येही कॉफी मोठ्या प्रमाणावर अशीच वाळते. बीतला ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. तेवढा वेळ यीस्ट आणि जिवाणू गरातल्या साखरेवर ताव मारत असतात, आणि त्यातून एस्टर नावाची सुगंधी संयुगं तयार होतात. कधी कधी कपात पिकलेल्या केळ्याचा वास येतो, तो आयसोअमिल ॲसिटेट नावाच्या अशाच एका एस्टरचा. फळाची गोडी बीत मुरते असं सरसकट सांगितलं जातं. मला विचाराल तर निम्मं श्रेय तरी या न दिसणाऱ्या कामगारांना द्यायला हवं.

छोट्या बागेचा फायदा इथे दिसतो. फक्त पिकलेली लाल फळं हाताने तोडायची, जाळीच्या उंच मांडवांवर पातळ थर लावायचा, दिवसातून अनेकदा वरखाली करायचा, रात्री दव पडू नये म्हणून झाकायचा. माल थोडा असला की इतकं लक्ष देता येतं. पण त्याच बागेकडे वाळवणीची यंत्रं नसतात. आभाळ चार दिवस भरून राहिलं तर आंबणं लांबतं आणि ते थेट कपात येतं. पिशवीवरचा हसऱ्या कुटुंबाचा फोटो याबद्दल काही सांगत नाही. वाळवणीचा लॉट कोणता ते छापलं असतं तर फोटोपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

कारण पिशव्या एकसारख्या निघाल्या नाहीत. सुरुवातीच्या पिशव्यांमध्ये स्ट्रॉबेरी अगदी ठळक होती. नंतरच्या एका पिशवीत ती मागे सरली आणि कोको, सुकं अंजीर पुढे आलं; मला तीच जास्त आवडली. आणि एक पिशवी सरळ बिघडलेली होती. नाकाला आधी नेलपॉलिशसारखा उग्र वास, मग जिभेवर व्हिनेगर. विक्रेत्याला कळवलं तर ‘नॅचरल असंच असतं’ असं उत्तर आलं. नसतं. नेलपॉलिशचा वास म्हणजे आंबणं हाताबाहेर गेल्याची खूण आहे, आणि ‘फंकी’ (आंबूस, हटके चवीची) या शब्दाखाली असा माल खपवणं मला पटत नाही.

आता कॉफी करण्याबद्दल. भाजल्याची तारीख बघा आणि हलकी भाजलेली असेल तर निदान दहा-बारा दिवस पिशवीला हात लावू नका. ताज्या दाण्यांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. पाणी ओतलं की फेस उसळतो, कॉफी नीट भिजत नाही आणि कप तिखट, दारूसारखा लागतो. दोन आठवड्यांनंतर हीच कॉफी गोडीवर येते. साधारण महिनाभर ती तिथे टिकते, मग फळ विरत जातं. फळ विरल्यावर जे उरतं त्यावरून मी कॉफीची परीक्षा करतो. हिच्यात गोडी आणि अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, उरतं. मी प्यायलेल्या बऱ्याच नॅचरल कॉफ्यांमध्ये तेव्हा फक्त लाकूड उरलं होतं.

पोअर ओव्हरला, म्हणजे फिल्टर पेपरमधल्या कॉफीवर वरून पाणी ओतून करताना, १५ ग्रॅम कॉफी आणि २५० मिली पाणी हे प्रमाण कायम ठेवलं. पाणी मात्र ९० अंशांच्या आसपास घेतो, कारण ९५ अंशांना दारूची झाक वर येते. दळण नेहमीपेक्षा थोडं जाडसर. हिचा बारीक चुरा बराच पडतो आणि तो पेपरमध्ये अडकून शेवटचं पाणी ठिबकत बसतं. पाणी जड असेल तर वेगळं मऊ पाणी वापरा. जड पाण्यातलं बायकार्बोनेट आम्लपणा मारून टाकतं आणि फळ गायब होतं. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळी दाबून गाळायच्या भांड्यात, अंग छान येतं, पण चव गढूळ होते. दूध घालणार असाल तर ही कॉफी घेऊच नका.

कप गरम असताना मत बनवू नका, हे आग्रहाने सांगतो. वाफ जाऊन कोमट होईपर्यंत हिची अर्धी चव लपलेली असते.

एक किरकोळ वाटणारी पण फरक पाडणारी गोष्ट: भाजलेल्या दाण्यांत काही फिकट, शेंगदाण्याच्या रंगाचे दाणे दिसतात. कच्च्या फळातून आलेले हे दाणे नीट तपकिरी होतच नाहीत; यांना क्वेकर म्हणतात. नॅचरलमध्ये ते जास्त सुटतात, कारण कच्ची फळं वेगळी काढण्याच्या संधी कमी असतात. दोन-तीन क्वेकरसुद्धा एका कपाला कागदी चव देतात. दळण्याआधी ताटलीत पसरून मी ते वेचून टाकतो. या बागेच्या पिशव्यांत ते कमी असतात, यावरून तोडणी करणाऱ्यांची नजर कळते.

रोजच्या सकाळच्या कपासाठी मी पुन्हा वॉश्डवर आलो आहे. हिचा दुसरा कप लागोपाठ जात नाही, जीभ थकते. म्हणून पिशवी आली की दोन आठवडे थांबतो आणि मग अर्धे दाणे एकेका कपाच्या मापाने हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाकतो. पुडी बाहेर काढली की वितळायची वाट न बघता थेट ग्राइंडरमध्ये. काढलेली पुडी परत आत ठेवायची नाही, दाण्यांवर दमटपणा धरतो. अशा ठेवलेल्या पुड्यांमधली स्ट्रॉबेरी अजून शाबूत आहे. बाहेरच्या डब्यातली केव्हाच गेली.