ओलीस-सुटका सेवा, मुंबई: दाराला जवळपास पैकीच्या पैकी, बोलण्याला निम्म्याहून थोडे जास्त

ही सेवा कोणी हौसेनं मागवत नाही आणि आवडली नाही म्हणून परत करता येत नाही. तिचं परीक्षण फक्त गोळी सुटली त्या क्षणावरून केलं तर हाती काही लागत नाही, पण चर्चा नेमकी तिथंच अडून बसते. ३० ऑक्टोबर २०२५ ला पवईच्या स्टुडिओत रोहित आर्यने १७ मुलं आणि २ मोठी माणसं कोंडून ठेवली. पोलीस बाथरूमच्या बाजूनं आत शिरले, आर्यच्या छातीत गोळी लागली आणि तो मेला. एकोणीसच्या एकोणीस जण सुखरूप बाहेर आले. त्याच्याकडे एअरगन होती हे कळल्यावर लगेच दोन तट पडले: एकीकडे ‘छऱ्याच्या बंदुकीला खरी गोळी?’, दुसरीकडे ‘तुमची पोरं असती तर?’

आधी दार. बाथरूमसारख्या अरुंद वाटेनं एका वेळी एकच जण आत येतो. ढाल आडवी धरायला जागा नसते आणि मागचा येईपर्यंत पहिला काही सेकंद एकटाच असतो. तेवढ्यात त्याला जे दिसतं त्यावरून ट्रिगर दाबायचा की नाही ते ठरतं. धातूची एअर पिस्तूल आणि ९ मिमीचं पिस्तूल चार मीटरवरून एकसारखंच दिसतं. फरक नळीच्या तोंडात असतो, ४.५ मिमी की ९ मिमी एवढाच. काही नकली पिस्तुलांचं तोंड तर मुद्दाम रुंद केलेलं असतं. ते आपल्याकडे रोखलेलं असताना छिद्र मोजायला कोण थांबणार? एकोणीस ओलिसांच्या गर्दीत फक्त कोंडणाऱ्यालाच गोळी लागणं याला कसब लागतं. इथं हात आखडता घ्यायचं कारण नाही: पाचपैकी साडेचार.

‘पायावर का नाही मारली’ हा प्रश्न दर वेळी येतो. मांडी हलती असते, अरुंद असते आणि तिच्यातून मोठी धमनी जाते, त्यामुळे पायावरची गोळीही जीव घेऊ शकते. नेम चुकला तर गोळी फरशीवर आपटून मुलांकडे उसळते. शिवाय पायात गोळी लागलेल्या माणसाचा हात मोकळाच राहतो. आर्यने व्हिडिओत जागेला आग लावायची धमकी दिली होती, म्हणजे प्रश्न हाताचा होता.

मग बोलणं आणि गोळी यांच्या मधलं काही पेटीत आहे का? विजेचा झटका देणारं टेझर घ्या. त्याच्या दोन तारांची टोकं अंगात साधारण फूटभर अंतरावर रुतली तरच स्नायू आखडतात. जाड जॅकेट असेल किंवा एक तार हुकली तर काही होत नाही. ट्रिगरवर बोट असेल तर आखडताना तेही दाबलं जाऊ शकतं. आणि खोलीत ज्वलनशील द्रव असेल तर टेझरची ठिणगी म्हणजे काडीच. डोळे दिपवणाऱ्या, कान बधिर करणाऱ्या स्टन ग्रेनेडचंही तेच: बंद खोलीत मुलांचे कानाचे पडदे जातात, पडदे-गालिचे पेटतात. अश्रुधूर तर दहा वर्षांच्या पोराला आधी लोळवतो, बंदूकवाल्याला नंतर. त्यामुळे ‘साधनं होती, वापरली नाहीत’ ही तक्रार अशा खोलीपुरती टिकत नाही.

टिकते ती बोलण्याबद्दलची. वाटाघाटीला एक माणूस पुरत नाही. एक बोलतो, दुसरा कानाला लावून ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो, तिसरा फळ्यावर वेळ, मागणी, मुदत लिहीत जातो. बोलणाऱ्याला निर्णयाचा अधिकार मुद्दाम देत नाहीत, कारण ‘वर विचारून सांगतो’ हीच वेळ काढायची युक्ती. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतः फोन धरला की ही युक्ती संपते. मंत्री किंवा नातेवाईक हवा अशी मागणी आली तरी त्यांना थेट लाइनवर घेत नाहीत. काही वेळा शेवटचं कृत्य करायला त्या माणसाला तेवढाच प्रेक्षक हवा असतो. २७ ऑक्टोबर २००८ ला कुर्ल्यात बेस्टच्या डबलडेकरमध्ये राहुल राज गावठी पिस्तूल घेऊन पोलीस आयुक्तांशी बोलायचं म्हणत होता. पोलिसांच्या गोळीनं तो मेला, सगळं काही मिनिटांत संपलं आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांचं ‘गोळीला गोळी’ हे समर्थन तेवढं लक्षात राहिलं. पवईत निदान बोलणं झालं. कुर्ल्याला पाचपैकी एक, पवईला तीन.

पण नुसतं बोलत राहणं म्हणजे चांगली सेवा, असंही नाही. सिडनीच्या लिंट कॅफेत १५ डिसेंबर २०१४ च्या सकाळी सुरू झालेला वेढा सोळा तासांहून जास्त चालला. ‘कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तरच आत घुसायचं’ असा दंडक होता. रात्री २:०३ ला ओलीस धरणाऱ्या मॅन मोनिसनं पळणाऱ्या ओलिसांवर गोळी झाडली, तरी पथक थांबलं. २:१३ ला त्यानं कॅफेच्या मॅनेजरला मारलं, तेव्हा ते आत गेलं. ११ स्टन ग्रेनेड, २२ गोळ्या. पोलिसांच्या गोळीचे तुकडे लागून एक वकील बाई गेल्या. कॅफेसमोरच्या मार्टिन प्लेसमधले ख्रिसमसचे दिवे बंद करा, एवढी मोनिसची साधी मागणीसुद्धा कोणी पुरी केली नव्हती. पुढं तिथं कायदा बदलून, दहशतवादी घटना जाहीर झाल्यावर पोलिसांना आधीच गोळी झाडायची मुभा मिळाली.

आपल्याकडे तशी वेगळी मुभा नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पूर्वीचं सीआरपीसी) कलम ४३ अटकेसाठी बळ वापरू देतं, पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्याचा जीव घ्यायचा हक्क देत नाही. भारतीय न्याय संहितेचं (पूर्वीचं आयपीसी) कलम ३८ दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीचा बचाव मान्य करतं. मात्र धोका गोळी झाडली त्या क्षणी होता हे दाखवावं लागतं. तासाभरापूर्वीचा व्हिडिओ तेवढ्याला पुरत नाही.

हे दाखवायचं कसं, ते सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ ला पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात १६ कलमांत लिहून दिलंय, आणि तो खटलाही १९९५ ते ९७ मधल्या मुंबईतल्या चकमकींवरूनच उभा राहिला होता. एफआयआर, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, मानवाधिकार आयोगाला कळवणं, पिस्तूल तपासणीसाठी जमा करणं. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. हार-तुरे घेऊन ठाण्यात जाणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं.

सिडनीच्या वेढ्याचा चौकशी अहवाल मे २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. मिनिटामिनिटाला कोण कुठं होतं आणि कोणी काय ठरवलं, ते त्यात आहे. पवईच्या फळ्यावर काय लिहिलं होतं, बोलणं कुठं तुटलं आणि आत शिरायचं कितीला ठरलं, हे तसंच छापून हातात येईपर्यंत कागदपत्रांच्या रकान्यात तारे भरलेले नाहीत.