ग्रुप पॉलिसी, आठ महिन्यांनी

फोर्टात आमचं मुख्य ऑफिस, अंधेरी आणि ठाण्यात एकेक ब्रँच, मिळून सव्वाशे पीसी. आधी साधं प्रॉक्सीचं, म्हणजे इंटरनेटला जायच्या वाटेचं, सेटिंग बदलायचं तरी लोकल पकडून जावं लागायचं. आठ महिन्यांपूर्वी ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवर एकदा लिहून सगळ्या पीसींना लागू होणारे नियम) वापरता यावी म्हणून सगळे पीसी विंडोज सर्व्हरच्या डोमेनवर, म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यातल्या गटात, आणले. त्यातल्या एकोणीसांवर विंडोजची होम आवृत्ती निघाली. ती डोमेनला जोडताच येत नाही. प्रो घ्यायचा खर्च मी आधी धरलाच नव्हता, त्यावरून साहेबांचं बरंच ऐकून घेतलं.

पहिला महिना "पॉलिसी लागली का?" विचारण्यातच गेला. पॉलिसी बदलली की सगळे पीसी तिथल्या तिथे ऐकतील, असा माझा समज. प्रत्यक्षात पीसी दर ९० मिनिटांनी विचारायला येतो, वर ० ते ३० मिनिटांची उशिराची भर, सगळे एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून. तेवढ्यात फोर्टहून अंधेरीला पोचून मी स्वतः बटणं दाबू शकतो, आणि सुरुवातीला एकदोनदा तेच केलं. घाई असेल तर पॉलिसी लगेच ओढून आणणारी जीपीअपडेट ही कमांड आहे. सॉफ्टवेअर पाठवायचं असेल तर मात्र रीस्टार्ट किंवा नव्याने लॉगिन लागतंच.

आता माझा पराक्रम. अंधेरीच्या रिसेप्शनच्या पीसीवर दिवसभरात चारजण बसतात. कोणीही लॉगिन केलं तरी तिथे एकच ठरलेला डेस्कटॉप दिसावा म्हणून लूपबॅक लावला, रिप्लेस मोडमध्ये. लूपबॅकमध्ये युजरची सेटिंग्जसुद्धा पीसी ज्या ओयूत (डोमेनमधला पीसी आणि युजर ठेवायचा कप्पा) आहे तिथून येतात. रिप्लेस निवडलं की युजरच्या ओयूतलं सगळं बाजूला पडतं. मी ही पॉलिसी रिसेप्शनच्या ओयूला जोडायची ती एक पायरी वर, अख्ख्या अंधेरीला जोडली. शनिवारी, निघायच्या घाईत.

सोमवारी सव्वानऊला अकाउंट्सच्या ताईंचा फोन. "अहो, माझा एच ड्राइव्ह कुठे गेला?" मागून आणखी दोघांचे आवाज. फाइली सर्व्हरवर शाबूत होत्या, ड्राइव्ह जोडणारी पॉलिसी तेवढी गळली होती. पण तारीख २०, जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. त्यांना फोनवर "शाबूत आहे" म्हणून काय उपयोग!

कुठली पॉलिसी लागली ते सांगणाऱ्या जीपीरिझल्ट कमांडचा रिपोर्ट काढला तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा, नाहीतर त्यात कॉम्प्युटरचा भाग येत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरा खड्डा परवानग्यांचा. एका पॉलिसीवरून ऑथेंटिकेटेड युजर्स (डोमेनमधली सगळी खाती, पीसींचीही) काढून फक्त सेल्सचा ग्रुप ठेवला, तर ती कुणालाच लागेना. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटपासून युजरची पॉलिसीही कॉम्प्युटरच्या खात्याने वाचली जाते. डोमेन कंप्युटर्सला (सगळ्या पीसींच्या खात्यांचा ग्रुप) रीड, म्हणजे वाचायची परवानगी, दिली, चालू झाली.

बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपवाल्यांसाठी मात्र हे प्रकरण कच्चं. व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी वाट) जोडला नाही की नवी पॉलिसी पोचतच नाही, आणि जोडा म्हटलं की "नेट स्लो होतं."

पेन ड्राइव्हबंदी पहिल्या दिवसापासून चोख चालली. अडलं ते डिजिटल सही करायच्या डीएससी टोकनवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या उपकरणावर. सही व्हायची, पण आमच्या टोकनमधला ड्रायव्हरचा भाग सीडी म्हणून दिसतो आणि बंदीत तोही अडकतो. त्यामुळे अकाउंट्सचा नवा पीसी आला की आधी टोकनचा ड्रायव्हर टाकतो, मगच तो बंदी असलेल्या ओयूत हलवतो.